हौदातलं पाणी

फळवाल्याने मोसंबी तोलून पिशवीत भरली, पिशवी पुढे केली आणि स्वरूपाच्या तोंडाकडे बघून हात मधेच थांबवला. डोळा आलाय का ताई तुमचा, असं त्याने अगदी सहज विचारलं, आणि उरलेले सुट्टे पैसे तिच्या तळहातावर न ठेवता समोरच्या मोसंब्यांच्या ढिगावर ठेवले. बस, एवढंच झालं. त्याचं काही चुकलं नव्हतं. डोळे आलेल्या माणसापासून चार हात लांब राहावं हे शाळेतसुद्धा सांगतात. पण स्वरूपापासून पिंपरी कॅम्पातली सगळी दुकानं, चादरींचे ढीग, मोबाईलची कव्हरं, रिक्षावाल्यांची हाकाटी, सगळं एकदम कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं लांब गेलं. रस्त्याकडेला लावलेल्या एका बुलेटच्या आरशात तिने वाकून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल धागा. सकाळपासून खुपत होतं ते तिला कळत होतं, पण ते जागरणाचं आहे, ते रडण्याचं आहे, ते बसच्या खिडकीतल्या धुळीचं आहे, अशी तिने स्वतःची छान समजूत घातली होती. समजूत घालण्यात ती अलीकडे फार तयार झाली होती. सगळ्यांनाच पटेल असं बोलायची ती. मग स्वतःला पटायला काय वेळ लागतो?

पिशवी सांभाळत ती महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या दिशेने चालू लागली. तिथे सोजरमावशी होती. सोजरमावशी म्हणजे सोजरबाई, स्वरूपाच्या घरच्या गोठ्यावर धारा काढणारी, परभणीकडची; स्वरूपा तिसरीत असल्यापासूनची. ताप, मग खोकला, मग दम. आधी चऱ्होलीतल्या दवाखान्यात दोन वेळा इंजेक्शन, मग एका पहाटे तिच्या नवऱ्याने, ज्ञानदेवने, तिला रिक्षात घालून इथे आणलं. स्वरूपाचे बाबा, ज्योतीराम, अजून एकदाही बघायला आले नव्हते. आज सकाळी, शाळा अर्धी सोडून जायला त्यांनी तिलाच सांगितलं होतं. वैरण कापायचं यंत्र बंद करून, हात पुसत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले होते, "तू बोलाया हुशार हायेस. फळं दे, चौकशी कर. कुणी काय इचारलं तर गोठ्याचं नाव काढायचं न्हाई. तिनं पण काढलेलं न्हाई." आणि पुन्हा यंत्र सुरू. त्या घरघरीत तिने हो म्हटलं की नाही म्हटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

बाबांना वाईट म्हणावं तर तेही जमत नव्हतं. गोठ्याच्या तिन्ही अंगांना टॉवर उभे राहिले होते आणि चौथ्या अंगाला पाया खणून ठेवलेला प्लॉट. मधे त्यांचा पत्र्याचा गोठा म्हणजे नव्या कपाटात राहून गेलेली जुनी गोधडी. टॉवरातल्या बायका सकाळी ताज्या दुधासाठी बरण्या घेऊन यायच्या आणि दुपारी त्यांच्याच ग्रुपवर शेणाच्या वासाच्या तक्रारी लिहायच्या. कुणीतरी निमित्तच शोधत होतं. गोठ्यात रोग आहे एवढा एक शब्द बाहेर पडला असता तर उद्या दूध बंद, परवा गोठा बंद, आणि गाई? गाईंचं काय करतात हे तिला माहीत नव्हतं. कोंबड्यांचं काय करतात ते तिने बातम्यांत पाहिलं होतं. पांढरे कपडे घातलेली माणसं, पोती, खड्डा, चुना. तेव्हा ती चहात बिस्कीट बुडवत होती.

चौकातला सिग्नल सुटला, लोक तिला ढकलून पुढे गेले, आणि ती मात्र त्या सकाळी उभी होती. त्या सकाळीच ती सारखी जाऊन उभी राहायची; वर्गात, अंथरुणात, दात घासताना. केस धुऊन, वाळवून, आईकडून दोन घट्ट वेण्या घालून घेतलेल्या. इस्त्रीचा गणवेश. आई, विजयश्री, आतून ओरडत होती की मोटर लावलीय, हौद भरला का बघ. ती हौदाशी गेली तर पाण्यावर काहीतरी काळं तरंगत होतं. टॉवरच्या कुठल्यातरी बाल्कनीतून पडलेला मोजा असेल असं वाटलं तिला. मग पंख दिसले. कावळा. चोच पाण्यात, पंख पसरलेले, जणू खाली काहीतरी हरवलंय आणि तो ते शोधतोय. त्या आठवड्यात पलीकडच्या प्लॉटवर कावळे पडलेले सापडत होते. वॉचमन म्हणायचा, विजेच्या तारेमुळे. सोजरमावशी हौदाशी आली असती तर काय झालं असतं हे स्वरूपाला पाठ होतं. हौदात मेलेलं पाखरू म्हणजे सगळा हौद उपसायचा, घासायचा, चुना फिरवायचा, आणि ज्याने हात लावला त्याने डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय गाईला शिवायचं नाही. डोक्यावरून. ह्या वेण्यांवरून. आणि बाहेर शाळेची गाडी येणार होती, खिशात भाषणाची चिठ्ठी होती, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती, आणि विषय होता ‘अंधश्रद्धा आणि आजची तरुणाई’. तिला हसूच आलं. हा म्हणजे परीक्षेआधी प्रश्न फुटल्यासारखा प्रकार. तिने पंखाचं टोक चिमटीत धरून त्याला उचललं. किती हलका होता तो. कावळा केवढा दिसतो, केवढा आवाज करतो, आणि हातात घेतला तर रिकाम्या कंपासपेटीएवढाही नाही. भिंतीवरून तिने त्याला पायाच्या खड्ड्यात भिरकावला, हात गणवेशाच्या आतल्या बाजूला पुसला, आणि दावणीच्या गाई पाण्यावर आल्या. हौशी नेहमीप्रमाणे सगळ्यांना ढुशा देत पहिली. तिने नाकाने पाण्यावरचं एक बारीक पीस बाजूला सारलं आणि लांब, शांत घोट घेत पीत राहिली. स्वरूपा ते बघत होती. बघत बघत मनात पहिलं वाक्य घोळवत होती. आता कधीही कुणी पाणी प्यायलं की तिला तो आवाज ऐकू येतो.

आणि तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती स्वरूपा होती. व्यासपीठावर गेल्यावर पाठ केलेलं सगळं व्यवस्थित म्हणून झालं, घंटा वाजायला थोडा अवकाश होता, समोर गच्च भरलेलं सभागृह, आणि तिला एकदम सुचलं. ती म्हणाली, आज सकाळीच आमच्या गाईंच्या हौदात कावळा मरून पडला होता. मित्रहो, मी तो उचलून फेकला आणि गाईंनी तेच पाणी प्यायलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. कावळा मेला म्हणून पाणी बाटत नाही, बाटते ती आपली बुद्धी. केवढ्या टाळ्या. परीक्षकांतल्या एक बाई मान डोलावत काहीतरी लिहून घेत होत्या. पहिला क्रमांक त्या वाक्याला मिळाला हे तिला तेव्हाच कळलं होतं. चषक अजून टीव्हीवर आहे. रोज सकाळी तिच्याकडे बघून चकाकतो मेला.

खरं तर तिला बोलायला शिकवलं कुणी? गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. पुढच्या बाकावरची रुपाली तिच्या वतीने ‘हजर’ म्हणायची. मग एकदा मराठीच्या बाईंनी बळेच नाव दिलं, आणि सराव कुठे करायचा तर घरात लाज वाटते म्हणून ती गोठ्यात गेली. दावणीला ओळीने गाई, रवंथ करत, डोळे अर्धे मिटून, अगदी शाळेतल्या श्रोत्यांसारख्या. आणि हौशीच्या कुशीला डोकं टेकवून, मांड्यांत बादली धरून सोजरमावशी. ती धार न थांबवता टोमणे मारायची. आता हितं आवाज का बसला माय, हौशीला घाबरलीस का? हात काय झाडूवाणी हलवायलीस, एका जागी ठिव. मोठ्यानं बोल, चांदीला झोप येऊ लागलीय. धारेच्या त्या चर्र चर्र लयीवर स्वरूपा बोलायला शिकली. कुठे थांबायचं, कुठे सोडायचं. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मावशीने शेणाच्या हाताने तिची दृष्ट काढली होती आणि ती खळखळून हसली होती. ह्या खेपेचं, कावळ्याचं भाषण तेवढं तिने मावशीसमोर म्हणून दाखवलं नव्हतं. चषक दाखवला. मावशीने पदराने पुसून तो परत दिला आणि विचारलं, काय बोललीस गं एवढं? असंच, म्हणाली स्वरूपा.

मग काही दिवसांनी हौशीने चारा सोडला. आणि धारेला बसलेली मावशी बादलीत बघत राहिली. दूध निम्म्यावर आलेलं, आणि ते दूधच नव्हतं. घट्ट, पिवळं, व्यालेल्या गाईच्या चिकासारखं. ही गाय व्याली न्हाई, काही न्हाई, अन् चीक कसा देऊ लागली, असं ती दोन-तीनदा म्हणाली, बाबांना म्हणाली, आईला म्हणाली. आई तर हौसेने म्हणाली की खरवस लावून बघू का, आणि सगळे हसले. डॉक्टरला बोलवा मालक, असं मावशी म्हणत होती. जनावरांचे मोठे सरकारी डॉक्टर म्हणत होती ती. तेव्हा स्वरूपा मोबाईल घेऊन पुढे झाली. चषकानंतर घरात तिच्या शब्दाला वजन आलं होतं, आणि ते वजन सारखं वापरून बघावंसं वाटायचं, नव्या सायकलची घंटी वाजवतो तसं. कासदाह आहे हा, म्हणाली ती. गोठ्यात दगडी म्हणतात तो. सगळी लक्षणं इथे दिलीयेत. बाबांनी मान हलवली, मेडिकलमधून कासेत सोडायच्या ट्यूबा आणल्या, आणि विषय संपला. ते दूध त्यांनी गिऱ्हाइकांच्या कॅनमध्ये घातलं नाही, हे खरं. बाजूला काढलं. वासरांना पाजलं, आणि मांजराला.

मांजर म्हणजे भुरी. तिचा आणि मावशीचा रोजचा खेळ होता. पहिली धार मावशी बादलीत न सोडता सड तिरका करून लांबूनच भुरीच्या तोंडात मारायची, आणि भुरी मागच्या पायांवर उभी राहून, डोळे मिटून, सगळं तोंड माखून घेत प्यायची. स्वरूपाने त्याचं रील केलं होतं, गाणं लावून. शाळेतल्या पोरींनी हृदयं पाठवली, टॉवरातल्या एका काकूंनी तर खाली येऊन भुरीला बघून घेतलं. हौशीचं पिवळं दूधही भुरीने असंच उभ्याने प्यायलं. आणि मग ती गोल फिरायला लागली. गोठ्याच्या मधोमध, स्वतःच्याच शेपटीमागे लागल्यासारखी, पण शेपटी तिला दिसत नव्हती. खांबावर आपटली. हाक मारली की भलतीकडेच तोंड वळवायची. दुसऱ्या दिवशी वैरणीच्या ढिगामागे ती ताठ सापडली. नजर लागली तिला तुझ्या फोनाची, म्हणाली मावशी, आणि तेव्हाही स्वरूपा हसली होती, पण हसू घशातच अडकलं होतं, जुन्या हजेरीसारखं.

हौशीची कास दगडासारखी कडक झाली होती. मावशी ती सोडवायला बसली की थेंब उलटे उडायचे, तिच्या गालावर, कपाळावर. मग तिचे डोळे आले. लालबुंद, पाणावलेले. वाळू गेल्यासारखं व्हायलंय माय, मला दिसंना, म्हणत ती दावणीशेजारी उकिडवी बसली आणि तिने स्वरूपाला हाक मारली. डोळे आल्यावर तिच्याकडे एकच औषध, धारोष्ण दूध. सडातून काढलेलं, कोमट असतानाच डोळ्यात. ते स्वतःच्या हाताने घालता येत नाही, दुसऱ्याने घालावं लागतं. तुझा हात हलका हाय, तूच घाल. स्वरूपाला माहीत होतं की हे असलं काही करू नये. बक्षीसच तिला त्यासाठी होतं. पण मावशीने तोंड वर केलं होतं, डोळे मिटून, लहान मुलासारखं, आणि ज्या बाईने आपल्याला बोलायला शिकवलं तिला त्या क्षणी काही शिकवावंसं वाटेना. शिवाय आत कुठेतरी असंही होतं की हौद आपण उपसला नाही, तर एवढं तरी मावशीच्या मनासारखं होऊ दे. तिने चांदीचं दूध घेतलं, जिचं अजून पांढरं होतं. वाटीतून कापसाने थेंब सोडले. एक ह्या डोळ्यात, एक त्या. गार वाटलं माय, म्हणाली मावशी. दुसऱ्या दिवशी चांदीचंही दूध पिवळं आलं.

म्हणजे हौद उपसायच्या ज्या एका गोष्टीला ती हसली ती खरी निघाली, आणि डोळ्यात दूध घालायची जी तिने प्रेमाने ऐकली ती खोटी. ह्याचं भाषण कसं करायचं?

हे सगळं एका धाग्यात ओवलं गेलं ते अंथरुणात, पांघरुणाच्या आत, मोबाईलच्या उजेडात. ती काही शोधत नव्हती, म्हणजे शोधत होती, भुरीबद्दल. मांजर गोल फिरते आणि मरते, का? आणि समोर आलं ते परदेशातल्या गाईंबद्दल. पाखरांचा फ्लू गाईंना झालेला. दूध घट्ट, पिवळं, चिकासारखं. गोठ्यावरची मांजरं आंधळी होऊन मेलेली. धारा काढणाऱ्यांचे डोळे लाल. एकेक ओळ जणू कुणी त्यांच्याच गोठ्यात उभं राहून लिहिली होती. आपल्याकडे असं नसेल, आपल्याकडे असं कुठे ऐकलंय, असं म्हणत तिने अंगठ्याने ते पान वर सरकवलं, आणखी वर, इतकं वर की खाली साड्यांच्या जाहिराती लागल्या. सकाळी तिने बाबांना सांगितलं. सगळं नाही. कावळ्याचं नाही. फक्त एवढंच की असा एक रोग असतो, बाहेर. बाबा दावणीकडे बघत म्हणाले, "बाहेर असतो ना? मग राहू दे बाहेर." त्या दिवशी संध्याकाळीच मावशीला ताप भरला.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ज्ञानदेव बसला होता. चाकणच्या कंपनीत माल चढवायचं काम करायचा; अंगावर अजून कंपनीचाच निळा शर्ट, ओव्हरटाइम करून थेट आल्यासारखा. तिला बघून तो घाईने उठला, मालकाच्या मुलीसाठी उठावं तसा, आणि ते तिला सहन झालं नाही. कशी आहे मावशी, तिने विचारलं. नळी लावलीय, म्हणाला तो. न्यूमोनिया म्हणतात. औषध लागू पडंना. डॉक्टरीण बाई सारखं इचारायलीय की काय काम करते, कुठं जाते, कोंबड्या हायत का. मग आवाज खाली आणून, तिला धीर द्यावा तसं, तो म्हणाला, "मालकाला सांगा ताई, आमी काईबी बोललो नाई. सोसायटीत धुणीभांडी करते म्हनलं तिनं. पोटाला लावलंय तुमी आमाला, आमी कशाला नाव घेऊ?" आणि तो हसला. खरंच हसला. स्वरूपाने मोसंब्यांची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. प्लास्टिक बोटांत रुतलं होतं, बरं वाटलं ते रुतणं.

वॉर्डाच्या दारात तिला मास्क दिला. कोपऱ्यातल्या खाटेवर, पडद्याआड, मावशी एवढीशी झाली होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यावर वाफ येत-जात. डोळ्यांच्या कडा अजून लाल. तिने मान वळवली, ओळखलं, आणि सिस्टरची नजर चुकवून मास्क एका बोटाने उचलला. "आली का भाषणवाली," म्हणाली ती. आवाज कसला तो, पत्र्यावरून ओढलेल्या दोरासारखा. मग लगेच पुढचा प्रश्न, हौशी खाती का? स्वरूपा म्हणाली खाते, आणि ते खरं होतं. हौशी सुधारत होती, चांदीही. गाई सुधारत होत्या. मावशीने समाधानाने मास्क सोडला. तिचा हात चादरीवर पडला होता, अंगठ्याच्या पेरावर धारा काढून काढून पडलेला घट्टा, सुपारीएवढा. भांडी घासून असा घट्टा पडत नाही, स्वरूपाच्या मनात आलं. कुणाला दिसत कसा नाही? मग कळलं की दिसायला आधी गोठा माहीत असावा लागतो. इथे तो फक्त तिला माहीत होता.

पडदा सरकवून डॉक्टर आल्या. मिनल मॅडम म्हणत होते त्यांना सगळे. लहानच होत्या, गेल्या वर्षीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंएवढ्या. दमलेल्या. ही कोण, त्यांनी विचारलं, आणि मावशीने मास्कच्या आतून काहीतरी सांगितलं, त्यातलं ‘भाची’ एवढंच कळलं. डॉक्टर खाटेच्या कडेला टेकल्या. पुन्हा तेच विचारते, रागावू नका, म्हणाल्या. औषधं नेहमीची दिली, त्यांनी उतार पडला नाही, म्हणून विचारते. कोंबड्या, बदकं, मेलेलं पाखरू, गुरं, कच्चं दूध, ह्यातलं काही? त्यावर कुठलं औषध, कुठली तपासणी ते ठरतं. उशीर झाला तर ते औषध असून उपयोग नाही. मावशीने मान डावी-उजवी हलवली. आणि चादरीखालून तिचा तापलेला हात आला आणि त्याने स्वरूपाचं मनगट धरलं. घट्ट. तो घट्टा नेमका नाडीवर टेकला.

बोलायचं होतं. स्वरूपाने तोंड उघडलं, आणि जिच्या जिभेवर सरस्वती आहे असं मुख्याध्यापक म्हणाले होते, तिला पहिला शब्द सापडेना. डोक्यात फक्त ‘सन्माननीय व्यासपीठ’ येत होतं. सन्माननीय व्यासपीठ, सन्माननीय व्यासपीठ, एखाद्या मूर्ख पोपटासारखं. तिला गोठा दिसला, वर टॉवरच्या बाल्कन्यांत मोबाईल धरून उभी राहिलेली माणसं, पांढरे कपडे, बाबा. बाबांचे हात पुसणं. मास्कवरची वाफ आली, गेली. ह्या वेळी यायला थोडा उशीर झाला तिला. मनगटावरची पकड आणखी आवळली, आणि त्या तापलेल्या बोटांनी, सवयीने, नकळत, धार काढताना दाबतात तसं दाबलं आणि सोडलं, दाबलं आणि सोडलं. मोठ्यानं बोल, चांदीला झोप येऊ लागलीय.

"मावशी धुणीभांडी नाही करत," स्वरूपा म्हणाली. "आमच्या गाईंच्या धारा काढते. चऱ्होलीत."

पुढचं तिला सलग आठवत नाही. हौशीचं दूध, भुरी, वाटीतले थेंब, सगळं उलटसुलट, पूर्णविराम नसलेलं, जुन्या स्वरूपासारखं अडखळत. कावळा सगळ्यात शेवटी आला. हौदात कावळा मेला होता, मी काढून फेकला, पाणी तसंच ठेवलं, गाईंनी प्यायलं, मी बघत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर आधीच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सिस्टरला बोलावलं, दुसरा मास्क मागवला, पडद्यापलीकडच्या दोन खाटा हलवायला सांगितल्या, घशातला नमुना पुन्हा घ्यायला सांगितला, कुणाकुणाला फोन लावायला सांगितला, आणि हे सगळं करताना एकदाही आवाज चढवला नाही. मग स्वरूपाकडे वळून म्हणाल्या की आपल्याकडे गाईंचं असं मी पाहिलेलं नाही, नुसतं वाचलंय. नसेलही तसं काही. पण औषध मी आत्ता सुरू करते, तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाही. गोठ्यावर जनावरांचे डॉक्टर येतील आज. घरी कळव. आणि मग, जरा थांबून, तुझा चष्मा काढ बघू, म्हणाल्या. चष्मा नव्हताच तिला. डोळा दाखव, असं म्हणायचं होतं त्यांना. त्यांना दिसला होता.

कावळ्यामुळेच का, स्वरूपाने विचारलं. ते कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाल्या डॉक्टर. हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

मनगट कधी सुटलं तिला कळलं नव्हतं. मावशीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. पाठ तेवढी दिसत होती, वर-खाली होणारी. रागावली, संपलं, असं वाटलं स्वरूपाला. तिने एवढं झाकून ठेवलेलं आपण सगळ्यांदेखत उघडं केलं. ती तशीच उभी राहिली. मग भिंतीकडूनच, मास्कच्या आतून, घोगरं काहीतरी आलं. तिने कान जवळ नेला.

"अन् अंघोळ?" मावशी विचारत होती. "कावळ्याला हात लावल्यावर?"

नाही केली, म्हणाली स्वरूपा. वेण्या घातल्या होत्या.

मावशीचे खांदे हलले. ते हसणं होतं की खोकला, ते आजही स्वरूपाला ठरवता येत नाही.

तिला बाहेरच्या एका खोलीत बसवलं, नाकात कापसाची काडी फिरवली, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले. ती धूत राहिली. सिस्टर पुरे म्हणाली तरी धूत राहिली. बोटांच्या चिमटीत तो हलकेपणा अजून तसाच होता, पाण्याने जात नव्हता. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. संध्याकाळच्या धारेची वेळ. तिने ओल्या हातानेच फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर बाबांनी उचलला आणि कुठेतरी ठेवला असावा, स्पीकरवर, खांबाच्या खोबणीत, कारण त्यांच्या आवाजाआधी तिला दुसराच आवाज ऐकू आला. चर्र. चर्र. बादलीच्या तळावर पडणारी धार. मावशी नाही म्हणून बाबा स्वतः बसले होते. हौशीच्या कुशीला डोकं टेकवून, तोंड अगदी कासेजवळ. तिला ते इतकं लख्ख दिसलं की तिचाच गाल ओला झाल्यासारखा वाटला.

"बाबा, धार थांबवा," ती म्हणाली. "उठा तिथून. साबणाने धुवा, हात, तोंड, सगळं. आणि हौद उपसा. नाही, थांबा, हौदालाही हात लावू नका. माणसं येतायत."

धार चालू होती. चर्र. चर्र. मग एक चुकली. मग थांबली. हौशीचा श्वास ऐकू आला, तिने शेपटी मारल्याचा सपकारा ऐकू आला.

"काय सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"सगळं."

आता ओरडतील, असं वाटून तिने फोन कानापासून जरा लांब धरला. पण तिकडून ऐकू आली ती कुठल्यातरी टॉवरमधल्या मिक्सरची घरघर तेवढी, आणि एका माणसाचं गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठणं.

"सकाळी तुला बसला सोडलं ना," बाबा म्हणाले, "तवाच तुझा डोळा दिसला हुता मला. लाल." बादली बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "म्हनलं न्हाई मी काय."